देवाचे रान आणि विजेचे पाणी

देवदार हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कालिदासापासून कोणत्याही कवीने हिमालयात पाऊल टाकले की त्याच्या सोबतीला देवदार आलाच. देवांचे लाकूड ते देवदार. परंतु सह्याद्रीत हा वृक्ष नाही. त्याला सहा-सात हजार फुटांवरची थंडी आणि बर्फ लागते. आमच्या मावळात बर्फ पडत नाही. पडतो तो पाऊस, आणि तो असा पडतो की कौलावर ठेवलेला दगडही भिजून मऊ होईल असे वाटावे. तरीसुद्धा देवाच्या नावाने राखलेले झाड आमच्याकडे नाही असे कोणी म्हणू नये. हिमालयात झाडाच्या नावात देव आहे. आमच्याकडे रानाच्या नावात आहे. आम्ही त्या रानाला देवराई म्हणतो, मावळातला म्हातारा माणूस नुसते 'देवाचे रान' म्हणतो.

दूरच्या लेबनॉन देशातही देवदाराची एक जात आहे, आणि तेथल्या उरल्यासुरल्या एका रानाला लोक आजही 'देवाचे देवदार' म्हणतात. हजारो वर्षे त्या लाकडाने मिसरच्या राजांची जहाजे आणि पश्चिम आशियातील राजांची मंदिरे बांधली गेली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमचा बादशहा हेड्रियन याने ते रान वाचवावे म्हणून डोंगरातल्या खडकांवर हद्दीचे लेख कोरविले. पुढे १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या पैशाने एका राईभोवती दगडी भिंत उभी राहिली. १९९८ साली ते ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत गेले. बादशहाचा शिलालेख, राणीची भिंत आणि राष्ट्रांची यादी एवढे सगळे झाले, आणि पूर्वीच्या अफाट अरण्यातून उरल्या त्या थोड्या राया.

आमच्या आंदर मावळात बादशहा आला नाही आणि भिंतही बांधली गेली नाही. शेंदूर फासलेला एक दगड होता. त्या दगडाने काय राखले आणि काय त्याच्या हातून निसटले, हे मला या लेखात सांगायचे आहे. ही हकिगत कागदांत थोडी आहे आणि पायवाटेवर जास्त आहे.

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात तीन खोरी प्रसिद्ध आहेत. पवनेचे ते पवन मावळ, त्याच्या उत्तरेला नाणे मावळ, आणि त्याच्याही उत्तरेला आंद्रा नदीचे ते आंदर मावळ. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुकला गेले की आंदर मावळ सुरू झाले. पुढे वडेश्वर, खांडी, कुसूर, सावळे, माळेगाव अशी गावे सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जातात, आणि मग जमीनच संपते. खाली कोकण. कड्यावर उभे राहिले तर पायांखाली कर्जतची भाते दिसतात.

जेथे जमीन संपते तेथे माणसाने वाट काढलेली असतेच. कुसूरचा घाट ही तशी वाट. घाटात जुनी दगडी फरसबंदी अजून जागोजाग दिसते. बैलाच्या आणि माणसाच्या पायांनी ती गुळगुळीत झालेली आहे. कार्ले, भाजे, बेडसे आणि घाटाखालचे कोंढाणे ही लेणी पाहिली की कळते, कोकणच्या बंदरांतून देशावर चढणारा माल दोन हजार वर्षांपूर्वीपासून या खोऱ्यांतून जात होता. मीठ वर आले, धान्य खाली गेले. जेथून मीठ येते तेथून शत्रूही येतो, म्हणून घाटमाथ्यावरचे रान हा राज्याचा कोट होता.

हे रान लढाईत काय करू शकते ते २ फेब्रुवारी १६६१ रोजी दिसले. शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाट उतरला. बरोबर रायबागनही होती. वाट तुंगारण्यातून गेलेली, एका वेळी थोडी माणसे जेमतेम जातील एवढी. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी पुढून आणि मागून वाट अडविली आणि उरलेले काम झाडांनी केले. घोडा वळविता येईना, तोफ ओढता येईना, पाणी सापडेना. शेवटी खान शरण आला आणि सामानसुमान टाकून गेला. कवींद्र परमानंदांनी 'शिवभारता'त या प्रसंगाचे वर्णन केले आहे, आणि त्यात योद्ध्यांइतकेच अरण्यही लढताना दिसते.

पुढे मराठी राज्यात झाडांचा विचार राजनीतीच्या ग्रंथातही आला. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड कसे तोडावे याची ताकीद आहे. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने वर्षानुवर्षे लेकराप्रमाणे वाढविलेली असतात, ती जुलमाने तोडू नयेत असा तिचा भाव आहे. हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे लिहिणे. मला त्यात विशेष वाटते ते हे की झाडाचा मालक राजा नव्हे, लावणारा माणूस, हे तेथे मान्य केलेले आहे.

आता ती वाट. आंदर मावळातून भीमाशंकरला जाणारी जुनी पायवाट घाटमाथ्याच्या काठाकाठाने जाते. माळेगावावरून वांद्र्याची खिंड, पुढे खेतोबा, येळवली आणि मग भीमाशंकरचे अरण्य. आठ-दहा कोसांची चाल. मोटारी येण्यापूर्वी महाशिवरात्रीला मावळची माणसे याच वाटेने रातोरात ज्योतिर्लिंगाला जात. आता बहुतेक जण मंचर-घोडेगावावरून मोटारीने जातात. तरी काही घरांतून चालण्याचा नेम अजून पाळला जातो. काही वर्षांपूर्वी अशाच पाच-सहा जणांबरोबर मी गेलो. आमच्या पुढे एक महादेव कोळी गृहस्थ होते, वय साठीच्या पुढचे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो.

महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी, चंद्राचा आधार नाही. दुपार कलल्यावर निघालो. खिंडीखालच्या चढणीवर दिवस मावळला. माघाचे रान कोरडे असते. ओढ्यांत पाणी नाही, वाटेवर पाचोळ्याचा थर, आणि त्याखाली गोट्यांचा घसारा. प्रत्येक पावलाला पाचोळा असा वाजे की जणू आपल्या मागे आणखी कोणी चालत आहे. मी खिशातून विजेरी काढली तेव्हा मामा म्हणाले, "गुरुजी, ती बंद करा. उजेड पडंल तेवढंच दिसंल. अंधाराला डोळं सरावू द्या, मंग सगळं दिसंल." पंधरा-वीस मिनिटांनी खरोखरच वाट दिसू लागली. ती फिकट रेघेसारखी उमटली. शेकडो वर्षांच्या पायांनी घासलेली माती तारकांच्या उजेडातही आजूबाजूच्या मातीहून वेगळी दिसते.

खिंड चढताना दम लागला. एके ठिकाणी दरीची कड इतकी जवळ आली की खालचा वारा सरळ तोंडावर येई. बरोबरच्या एका तरुणाचा पाय घसरला. मामांनी मागे न पाहता काठी आडवी धरली आणि तो सावरला. पाण्याच्या बाटल्या मध्यरात्रीपूर्वीच रित्या झाल्या. मामांनी झऱ्याची जागा सांगितली. तेथे ओंजळभर पाणी होते, आणि त्याच्याभोवतीच्या ओलसर मातीत बिबट्याचे ताजे पंजे. "त्यानं पिऊन झालंय, आता आपली पाळी," मामा म्हणाले. आम्ही एकेकाने पाणी प्यालो. कोणी बोलले नाही. दूर दरीत भेकर भुंकले, तेव्हा सगळे एकदम चालू लागलो.

माथ्यावर आल्यावर पश्चिमेचे आकाश तांबूस पांढरे दिसले. तो मुंबईचा उजेड. अगदी जवळ, आमच्या डोक्यावर, तांबडे दिवे लुकलुकत होते आणि हवेत एक संथ घुमणारा आवाज होता. त्या पवनचक्क्या. गेल्या दीड दशकात या डोंगरमाथ्यावर त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी डोंगर कापून रुंद रस्ते झाले. मामा एका रस्त्याच्या कडेला थांबले. जुनी वाट त्या रस्त्याने तोडली होती आणि पलीकडे ती पुन्हा कोठे सुरू होते ते त्यांना क्षणभर सापडेना. साठ वर्षांत प्रथमच मामा वाट शोधत होते.

त्या जागेवर आंदर मावळच्या इतिहासाची गाठ आहे असे मला वाटते. या खोऱ्याने मुंबईला वीज दिली ती काही पवनचक्क्यांपासून नव्हे. आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ साली घाटाखाली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीचे हे काम. पूर्वी ही नदी इंद्रायणीला मिळे, इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळे आणि भीमा पंढरपूरला चंद्रभागा होई. म्हणजे आंदर मावळात पडलेला पाऊस वारकऱ्यांच्या वाटेने जाई. धरणाने त्या पाण्याचे तोंड फिरविले. डोंगरातल्या बोगद्यातून नि नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली कोसळले, चक्रे फिरवून उल्हास नदीला मिळाले आणि पश्चिमेच्या समुद्राला गेले. पंढरीला निघालेले पाणी मुंबईला गेले.

यात मुंबईचे भले झाले हे नाकारणे खोटेपणाचे होईल. गिरण्यांचा धूर कमी झाला, १९२५ साली विजेची गाडी धावू लागली. परंतु उजेडाची किंमत खोऱ्यांनी दिली. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला आणि तीन वर्षे चालला, तो याच किमतीबद्दल होता. मुळशीची जमीन शेवटी पाण्याखाली गेली. आंदर मावळचे पाणी त्यापूर्वीच अडले होते.

आणि मग आले १९४२. घाटाखाली कर्जतच्या भागात माथेरानचा एक तरुण वकील होता, विठ्ठल लक्ष्मण कोटवाल. लोक त्यांना भाई म्हणत. जन्म १ डिसेंबर १९१२. सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठारे काढली, शाळा चालविल्या. 'चले जाव'ची हाक आली तेव्हा त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. त्यात शेतकरी होते, आदिवासी होते, शिकलेले होते. त्यांनी ठरविले की राज्याची नाडी तोडायची, आणि ती नाडी म्हणजे डोंगरातून मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारा. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने अकरा मनोरे पाडले. गिरण्या खोळंबल्या, आगगाड्या खोळंबल्या. शंभर वर्षे ज्या डोंगराळ माणसाकडे सरकारने हमाल किंवा चोर यापलीकडे पाहिले नव्हते, त्याच्या हातातल्या करवतीने राजधानीचा दिवा विझला.

दस्ता लपला तो रानात, भीमाशंकरच्या अरण्याचाच उत्तरेकडचा पदर असलेल्या सिद्धगडच्या रानात. फितुरी झाली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी वेढा घातला आणि गोळीबारात भाई कोटवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. भाईंचे वय तीस वर्षांचे. आजही दर वर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडला जमतात. ज्या तारा त्यांनी तोडल्या त्यांच्या खाली माना वाकवून आपण जातो. परंतु ज्या रानाने त्यांना कित्येक रात्री पोटात घेतले ते रान राखणाऱ्याचे नाव कोणत्याही स्मारकावर नाही. कारण तो एक माणूस नव्हता. ते गाव होते, आणि गावाचा एक नेम होता.

तो नेम मामांनी मला वाटेत सांगितला. मध्यरात्र उलटली होती. मृग मावळतीला कलला होता आणि पूर्वेला विंचवाने डोके वर काढले होते. खेतोबाच्या पुढच्या एका राईत आम्ही टेकलो. बाहेरच्या उघड्या माळावरून आत शिरताच हवा बदलली. माळावर थंड कोरडा वारा. आत ओलावा आणि मातीचा वास. हात लावला तर बुंध्यांवर शेवाळ. "यातली फांदी जळणाला न्यायची न्हाई," मामा म्हणाले. "पडली तरी न्हाई. जिथं पडंल तिथं कुजंल. घर जळालं न् वासा पायजे झाला, तर देवाला इचारायचं. कौल उजवा आला तर एक झाड. डावा आला तर न्हाई."

मी विचारले, "आणि मामा, देवळालाच लाकूड लागले तर?"

मामा हसले. मग त्यांनी एका गावची गोष्ट सांगितली. गावातली पोरे शहरात नोकरीला लागली, चार पैसे आले, आणि त्यांच्या मनात आले की आपला देव उघड्यावर का? त्याला सिमेंटचे देऊळ हवे, पुढे सभामंडप हवा. जागेसाठी राईतली काही झाडे काढावी लागणार होती, आणि ती विकून खर्चही भागणार होता. बैठक बसली. पोरे म्हणाली, देवाचेच काम आहे. म्हातारे गप्प. शेवटी एक आजी उठली आणि म्हणाली, "देवाला ईचारा की, छप्पर पायजे का सावली पायजे." कौल लावला. तीनदा लावला, तिन्ही वेळा डावा. सभामंडप गावाच्या वेशीपाशी झाला आणि राई राहिली. मामांनी एवढे सांगून तंबाखू मळली आणि म्हणाले, "आता पुढल्या खेपेला कौल लावणारा कोन असंल, देवाला ठावं."

अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरायचे नाही, म्हणून पुढे एका वाडीतल्या अंगणात आम्ही उजाडेपर्यंत पडून राहिलो. घरच्या बाईने न विचारता चहा दिला. फटफटले तेव्हा भीमाशंकरच्या रानात पाय टाकला. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा, बेहडा. बुंध्यांना मांडीएवढ्या गारंबीच्या वेलांचे पीळ. शेंड्यावरून शेकरू खडखडत गेले. हाच तो प्राणी, जो महाराष्ट्राचा राज्यप्राणी ठरला आणि ज्याच्यासाठी १९८५ साली सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य झाले. पावसाळ्यात याच रानात सडक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट उजेडाने चमकते. विजेचा शोध लागण्यापूर्वीपासून हे रान आपला दिवा आपण लावीत आहे.

देवळात पोहोचलो. मंदिराचे काम नाना फडणविसांनी करविले, आणि पुढे टांगलेली मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी वाहिलेली. फिरंग्यांच्या देवळातली ती घंटा, शंकरापुढे वाजते. परंतु त्या सकाळी माझे लक्ष घंटेपेक्षा आजूबाजूच्या झाडांकडेच जास्त होते. राजांनी आणि मुत्सद्द्यांनी जे दिले ते दगडाचे आणि धातूचे. भीमेचा उगम ज्याने जिवंत ठेवला ते मात्र कोणी दिलेले नाही, फक्त कोणी तोडलेले नाही.

आपल्याकडे या 'न तोडण्या'चा अभ्यास फार उशिरा झाला. १९७० नंतरच्या काळात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिले. इतरत्र नाहीशा झालेल्या कित्येक जाती या लहान तुकड्यांतच उरल्या आहेत आणि गावाचे झरे त्यांच्या सावलीवर जगतात, हे त्यांच्या लिखाणामुळे शिकलेल्या जगाला कळले. मावळात आजही आजिवलीसारखी राई पाहिली की भेरली माडांच्या गर्दीत उभे राहून माणसाला आपण कोणत्या तालुक्यात आहोत याचा विसर पडतो. परंतु त्याच काळात कोळशाच्या भट्ट्यांनी आणि ठेकेदारांच्या कुऱ्हाडींनी कित्येक राया नाहीशाही झाल्या. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने बरेचसे रान सरकारी केले तेव्हाच एक धागा तुटला होता. ज्या रानात गाव मालक होते तेथे ते गुन्हेगार झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो धागा पुन्हा जोडण्याची वाट काढली. हिरडा वेचणाऱ्या कोळ्यांच्या गावांना सामूहिक हक्क मागता आला. वाट आहे, तीवर चालणारी माणसे मात्र हवीत.

मला भीती वाटते ती याच गोष्टीची. देवराई राखली ती देवाच्या भयाने असे आपण शहरातले लोक हसून म्हणतो. परंतु भय हे त्या नेमाचे वरचे साल होते; आत शहाणपण होते. फांदी जिथे पडेल तिथे कुजली पाहिजे, यात माती कशी होते याचे ज्ञान आहे. कौल लावायचा, यात एकट्याने ठरवायचे नाही हा विचार आहे. वर्षातून एकदा रात्रभर त्या वाटेने चालायचे, यात रानाची हजेरी घेणे आहे. कोणता झरा आटला, कोणती राई विरळ झाली, हे चालणाऱ्याला कळते, मोटारीतल्याला कळत नाही. भय गेले याचे मला दुःख नाही. परंतु भयाबरोबर शहाणपणही फेकून दिले तर सिमेंटच्या देवळात बसलेला देव आपल्याला सावली कोठून देणार?

शाळेत मी मुलांना झाडांची नावे विचारतो. आंबा, वड, पिंपळ एवढे सांगून मुले थांबतात. पिसा कोणता, अंजनी कोणती, हे त्यांच्या आजीला ठाऊक असते. म्हणून गेल्या काही वर्षांपासून दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना एकच अभ्यास देतो: घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाबरोबर आपल्या गावच्या देवाच्या रानात जायचे आणि दहा झाडांची नावे विचारून यायची. वह्या परत येतात तेव्हा त्यांत अशी नावे असतात की माझी मलाच ती पुन्हा विचारावी लागतात. एका मुलीने दहाऐवजी एकतीस नावे आणली होती. खाली तिने लिहिले होते की आजी दमली म्हणून थांबलो, झाडे संपली म्हणून नव्हे.

या दिवाळीत आपण घरोघर दिवे लावू. मुंबईत, पुण्यात, जेथे कोठे हा अंक वाचला जाईल तेथे बटण दाबताच उजेड पडेल. त्यातला काही उजेड कदाचित अजूनही आंद्रेच्या पाण्याचा असेल. त्या पाण्याच्या वरच्या अंगाला, जेथे दिवे विरळ होत जातात, शेंदराचा एक दगड आणि त्याच्याभोवती थोडी झाडे आहेत. एखादी पणती त्यांच्या नावाने लावावी, आणि सुट्टीत मुलांना घेऊन एकदा तेथे पायी जावे. आत गेल्यावर विजेरी मात्र बंद करावी.